गाठोड्यातलं विशेष

आमच्या घरी देव्हारा नाही. अमरावतीत आम्ही राहतो त्या गल्लीत सकाळी सातच्या सुमारास घराघरांतून घंटी ऐकू येते, आमच्याकडून येत नाही. आमच्याकडे स्वयंपाकघरालगतच्या कोनाड्यात एक गाठोडं आहे, मांजरपाटाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. ते सोडलं की आत आणखी एक फडकं, आणि त्यात सुपारीएवढे तीन दगड. आम्ही महानुभाव पंथाचे. श्रीचक्रधर आणि गोविंदप्रभू जिथे बसले, निजले, जेवले त्या जागा म्हणजे स्थानं. आणि त्यांचा स्पर्श झालेल्या वस्तू, त्या स्थानांवरचे दगड, म्हणजे ‘विशेष’. हे तीन दगड आईच्या आजेसासूला रिद्धपूरच्या एका महंतांनी दिले, असं घरात सांगतात.

नऊ-दहा वर्षांची असताना मी आईला विचारलं होतं. रिद्धपूर मोर्शी तालुक्यातलं, सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत घरी. स्थानं तिथे, स्थानांवरचे ओटे तिथे, मग हे तुकडे घरी कशाला? आई भाकर थापत होती. मान वर न करता म्हणाली, “रोज रोज रिद्धपूरले जाता येते का तुले? अन् गेलीच, त तिथचं दार उघडं असनच कशावरून?”

पुढे अकोल्यात एका संगणकासमोर बसून आईच्या या प्रश्नाचं उत्तर शोधायची वेळ माझ्यावर आली.

२०१२ साल होतं. मी कंत्राटावर लागले होते. संस्थेचं नाव सांगत नाही. कपाशीवर काम चालायचं एवढं पुरे. बडनेऱ्याहून गाडी धरायची, कुरूम, माना, मूर्तिजापूर, काटेपूर्णा, बोरगाव मोजत अकोल्याला उतरायचं, आणि दिवसभर चार अक्षरांच्या लांबच लांब ओळी चाळायच्या. कपाशीच्या जनुकांचा मजकूर चारच अक्षरांत लिहिलेला असतो, पण तो इतका लांब की माणसानं डोळ्यांनी वाचायचा म्हटला तर जन्म पुरणार नाही. त्यासाठी पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘बायोपर्ल’ नावाचा मॉड्यूलांचा संच आहे. मॉड्यूल म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून, तपासून ठेवलेलं कोड. आपण फक्त ते आपल्या यंत्रावर बसवायचं आणि नावानं हाक मारायची.

बसवायला गेले आणि पडद्यावर दोनच शब्द आले: परमिशन डिनाइड.

सर्व्हर सगळ्यांचा होता, म्हणजे कुणाचाच नव्हता, म्हणजे एका साहेबांचा होता. असल्या यंत्रावर ‘रूट’ नावाचा एक वापरकर्ता असतो. त्याचा क्रमांक शून्य. त्याला काहीही करता येतं. बाकी आम्ही सगळे पाचशेच्या पुढचे क्रमांक, ज्याचं त्याचं एक घर, यंत्राच्या भाषेतही त्याला ‘होम’च म्हणतात. घरात काय वाटेल ते करा. घराबाहेरच्या सामाईक जागेत वाचायची मुभा, लिहायची नाही. मॉड्यूलं सामाईक जागेत बसतात. मी अर्ज दिला. अर्जावर विभागप्रमुखांची सही आणली. तीन आठवडे फाइल वर होती. शिपाई रोज सांगायचा, “वरच हाय, मॅडम.” आमच्याकडच्या कचेऱ्यांत ‘वर’ म्हटलं की ते देवाचं वर असतं की दुसऱ्या मजल्याचं, हे विचारायचं नसतं.

‘परमिशन’ला मराठीत लोक परवानगी म्हणतात. मला त्या दिवसांत दुसरा शब्द सुचत राहिला: अधिकार. परवानगी माणूस माणसाला देतो. अधिकार हा आपल्याकडे त्याहून खोल शब्द आहे. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातल्या तिसऱ्या पादात अपशूद्राधिकरण नावाचा भाग आहे. ब्रह्मविद्या शिकण्याचा अधिकार कुणाला, याची तिथे चर्चा आहे आणि शंकराचार्यांच्या भाष्यानं शूद्राला वेदाच्या वाटेनं तो अधिकार नाकारलेला आहे. म्हणजे विद्या सत्य आहे, ती मोक्ष देते, ती सर्वत्र भरून आहे, हे सगळं कबूल; फक्त तुझ्या क्रमांकाला लिहिता-वाचता येणार नाही. मी भाष्यं वाचणारी बाई नाही. पण आमच्या पंथाचा उगमच या प्रश्नापाशी आहे, म्हणून एवढं ठाऊक होतं. चक्रधरांनंतर पंडित शिष्य केशिराजांनी संस्कृतात काही विचारलं, तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना थांबवलं. मला ती भाषा नको, स्वामींनी मला मराठीतच सांगितलं. संस्कृतात गेलात तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, अशा अर्थाचं ते बोलले. आमच्या घरी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की त्या म्हाताऱ्यांत माझी पणजी असावी असंच मला लहानपणी वाटायचं.

आणि गंमत अशी की भांडार उघडंच होतं. पर्लची मॉड्यूलं ‘सीपॅन’ नावाच्या जागी ठेवलेली असतात. १९९५ पासून ते सदावर्त चालू आहे. कुणीही यावं, घ्यावं; नोंदणी केली तर स्वतःचंही कोड ठेवावं. जात विचारत नाहीत, पैसे विचारत नाहीत. जगाचं कोठार उघडं आणि अकोल्यातल्या दुसऱ्या मजल्याचं दार बंद.

पर्ल ज्यानं १९८७ साली केलं तो लॅरी वॉल भाषाशास्त्र शिकलेला आणि श्रद्धावान ख्रिस्ती. तो आणि त्याची बायको लिपी नसलेली एखादी बोली शोधून तिला लिपी द्यायची आणि तिच्यात बायबल न्यायचं, या इराद्यानं शिकत होते. प्रकृतीनं ते जमलं नाही. भाषेचं नावही त्यानं बायबलातल्या मोलाच्या मोत्याच्या दृष्टान्तावरून घेतलं. त्या भाषेत ‘ब्लेस’ नावाची एक आज्ञा आहे. साध्या माहितीच्या तुकड्याला ‘ब्लेस’ केलं की तो वस्तू होतो, त्याला स्वतःची कामं करता येऊ लागतात. हे वाचलं तेव्हा मी गाडीत होते, मूर्तिजापूरच्या आसपास, आणि मला गाठोड्यातले तीन दगड आठवले. त्यांचं तरी दुसरं काय झालं होतं?

तर, ज्याला रूटचा अधिकार नाही त्यानं काय करावं? त्यावरही कुणीतरी उपाय लिहून ठेवला होता. २००७ पासून ‘लोकल-लिब’ नावाचं एक छोटं मॉड्यूल मिळतं. ते तुमच्या स्वतःच्या घरात एक फोल्डर मांडून देतं आणि यापुढे जे जे बसवाल ते तिथेच बसेल अशी व्यवस्था लावतं. रूटला विचारायचं कारण नाही.

फक्त एक अडचण. लोकल-लिब हेही मॉड्यूलच. ते बसवायला परवानगी लागते, आणि परवानगी लागू नये म्हणून तर ते हवं आहे. मी त्या दुपारी डबा समोर ठेवून यावर हसले होते. उपाय असा की त्याची पेटी स्वतः उतरवून घ्यायची, उघडायची, आणि मेकफाइल तयार करताना ‘बूटस्ट्रॅप’ असं एक वचन द्यायचं. मग ते पहिल्यांदा, एकदाच, स्वतःचा आधार न घेता स्वतःला तुमच्या घरात बसवून घेतं. नंतर ‘मेक’, ‘मेक टेस्ट’, ‘मेक इन्स्टॉल’. शेवटी घराच्या दारातल्या ‘बॅश-आरसी’ नावाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची, म्हणजे दर वेळी तुम्ही आत पाऊल टाकलं की यंत्राला आठवण होईल: या बाईचं स्वतःचं काही आहे, आधी तिथे बघ.

ही पहिली पायरी मला अजूनही विलक्षण वाटते. आमच्या पंथाचं तत्त्वज्ञान द्वैती आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ, चारही अनादी, कुणी कुणात विरघळत नाही. जीव आपल्या बळावर परमेश्वरापर्यंत पोचू शकत नाही. परमेश्वरच अवतार घेऊन खाली येतो आणि ज्ञान देतो. पहिली ढकल वरून लागते. लहानपणी मला हे अन्यायाचं वाटायचं. मग इतकं करायचं तरी कशाला, असं मी काकांना विचारायची. अकोल्यात त्या दुपारी पाहिलं ते वेगळंच निघालं: पहिली ढकल वरून आलीच नाही. रूटनं काही दिलं नाही. अनोळखी माणसांनी लिहून सदावर्तात ठेवलेल्या एका पेटीनं ती दिली. काकांना हे सांगायला हवं होतं, पण तोवर ते राहिले नव्हते.

यादीबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पर्लला एखादं मॉड्यूल हवं असलं की ती ‘इंक’ नावाच्या यादीतल्या जागा क्रमानं धुंडाळते. पहिल्या जागी सापडलं की शोध थांबतो. दुसऱ्या जागी त्याच नावाचं, कदाचित जास्त चांगलं, काही असलं तरी तिला त्याचा पत्ता लागत नाही. लोकल-लिब एवढंच करतं की तुमच्या घराची जागा या यादीत सर्वांत वर लावतं. बाकी काही हलत नाही. माणसाचंही श्रद्धेच्या बाबतीत असंच होतं, असं मला वाटतं. आपण सत्य शोधतो म्हणतो, खरं तर एक यादी क्रमानं चाळतो, आणि ती यादी बहुतेक वेळा आपल्या आईनं लावलेली असते. आणखी एक: पूर्वी या यादीच्या शेवटी एक नुसतं टिंब असे. टिंब म्हणजे ‘तू आत्ता जिथे उभा आहेस ती जागा’. कुठेच सापडलं नाही तर पायाखाली बघ. २०१७ साली पर्ल ५.२६ मध्ये ते काढून टाकलं, कारण पायाखाली कुणी काय आणून ठेवलं असेल याचा भरवसा नाही. त्या टिंबाचं मला थोडं वाईट वाटलं. पण निर्णय बरोबर होता. ज्यानं यात्रेत चप्पल काढून ठेवली आहे त्याला सांगायला नको.

संध्याकाळपर्यंत बायोपर्ल माझ्या घरात बसलं. साडेपाचच्या सुमारास पहिली यादी पडद्यावर आली आणि मी शेजारच्या टेबलावरच्या भाऊंना हाक मारली. भाऊ अकोल्याचेच, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे, संख्याशास्त्राचं काम बघणारे. त्यांनी सगळं नीट पाहिलं. मान हलवली. मग म्हणाले, “ताई, तुमचं काम झालं. पन दार त बंदच रायलं ना?”

“मी कुठं दार फोडाले निघाली होती, भाऊ? मले माह्यं काम पुरं करायचं होतं.”

“तेच म्हंतो.”

मग त्यांनी चहा मागवला आणि अंबादेवीची गोष्ट काढली. मी अमरावतीची, अंबादेवीच्या देवळासमोरून हजारदा गेलेली. नवरात्रात तिथली गर्दी चुकवून घरी कसं जायचं हे मला पाठ. पण १९२७ ची गोष्ट मला अकोल्यात कळावी! त्या साली अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली. पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते, ज्यांचं नाव पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला दिलं गेलं. त्याच साली मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झालेला. १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीत परिषद भरली, बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष. भाऊंचे आजोबा तेव्हा तरुण होते आणि दर्यापूरकडच्या एका खेड्यातून चालत अमरावतीला आले होते.

“आज्याच्या घरी देव होते,” भाऊ म्हणाले. “खंडोबा होता, मरीमाय होती. घरात कोनी अडवत नोयतं. मंग गेला कावून तो अंबादेवीले? सांगा.”

मी काही सांगितलं नाही.

“घरचा देव त्याले पुरत होता हो. पन घरचा देव घरातच ठेव, असं दुसऱ्यानं सांगनं त्याले पुरत नोयतं.”

“मग? दार उघडलं तेव्हा गेले आजोबा?”

भाऊंनी बशीत चहा ओतला. “उघडलं म्हने मांगून कधीतरी. आजा काही गेला नाही. तो छप्पनले नागपूरले गेला. येऊन घरचे देव बी नदीत सोडले.”

बडनेऱ्याला जाणारी गाडी त्या दिवशी उशिरा होती. फलाटावर मी भाऊंवर जरा चिडूनच होते. एका सर्व्हरवरच्या फोल्डरची आणि माणसाच्या माणूसपणाची तुलना होत नाही. माझं काय अडलं होतं, तीन आठवडे? पण त्यांनी तुलना केलीच नव्हती. त्यांनी एक प्रश्न विचारला होता, आणि तो माझ्या आईच्या उत्तराला लागू पडत होता. दार उघडं असेलच कशावरून, म्हणून घरी दगड आणून ठेवायचे. ठीक. पण त्यानं दार बंद ठेवणाऱ्याची सोय होते की गैरसोय? माझा अर्ज त्यानंतर कुणी पाहिलाच नाही. पाहायचं कारण उरलं नव्हतं. मीही विचारायला गेले नाही.

गोविंदप्रभू रिद्धपुरात महार-मातंगांच्या घरांत जात, तिथलं खात, आणि गावाला ते खपत नसे, असं त्यांच्या चरित्रात येतं. लोक त्यांना वेडे म्हणत. त्यांना यादीचा क्रमच नव्हता म्हणायचं.

बरं, माझं म्हणजे तरी किती माझं? दुसऱ्याच आठवड्यात एक मॉड्यूल घरात बसेना. पर्लमध्ये काही मॉड्यूलं आतून सी भाषेत लिहिलेली असतात, ती बसवताना यंत्रावर तयार करावी लागतात, आणि त्यासाठी सामाईक जागेत काही फाइली आधीपासून लागतात. त्या नव्हत्या. मग त्याही घरात बांधल्या. त्यांच्याखाली आणखी काही लागलं, तेही बांधलं. रविवार गेला. असं खाली खाली जात शेवटी जिथे पोचतो तो कर्नल, यंत्राचा गाभा, आणि तो घरात मांडता येत नाही. माझ्या घरातली प्रत्येक वस्तू शेवटी त्याच्याच श्वासावर चालत होती. एखादा अद्वैती असता तर म्हणाला असता, बघ, सगळं एकच आहे. त्यांच्याकडे ‘सुडो’ आहेच: ही आज्ञा आधी टाकली की साधा वापरकर्ता एका कामापुरता रूट होतो, क्षणभराचं अहं ब्रह्मास्मि. पण त्यासाठी तुमचं नाव आधी एका यादीत रूटनंच घातलेलं असावं लागतं. मी द्वैती घरातली, मला यात नवल वाटलं नाही. यंत्रात मागे गुपचूप चालणाऱ्या प्रक्रियांना ‘डेमन’ म्हणतात, त्याही मला ओळखीच्या वाटल्या. आमच्याकडे देवता अशाच असतात: असंख्य, कामसू, मागितलं तर फळ देणाऱ्या. मोक्ष मात्र त्यांच्या हातात नाही.

एवढ्यावर ही गोष्ट सुखानं संपली असती, पण मग तो पोरगा आला.

नवीन कंत्राटी, बाळापूरकडचा, हुशार, घाईचा. त्यालाही बायोपर्ल हवं होतं आणि त्याचाही अर्ज वर गेलेला. मला म्हणाला, “मॅडम, तुमच्या फोल्डरमधूनच वापरू का? माह्या यादीत तुमची जागा टाकून देतो.”

मी हो म्हटलं. त्याच्या पडद्यावर दोन शब्द आले: परमिशन डिनाइड.

प्रत्येक घराला यंत्र तीन आकडे लावतं. पहिला मालकासाठी, दुसरा गटासाठी, तिसरा बाकी जगासाठी. माझ्या घराचे आकडे होते ७००. मला सर्व काही, गटाला शून्य, जगाला शून्य. मी ते लावले नव्हते, सुरुवातीपासून तसेच होते. पण वर्षभर मी ते पाहिलेही नव्हते. आपल्या घरात आपण शून्य क्रमांकाचे असतो, हे लक्षात यायला दुसऱ्याला दारात उभं राहावं लागतं.

आमच्या पंथाला या गोष्टीचा इतिहास आहे, आणि तो आम्ही फार अभिमानानं सांगत नाही. ज्यांनी म्हाताऱ्यांसाठी संस्कृतचं दार नाकारून मराठी उघडली, त्यांच्याच पुढच्या पिढ्यांनी ते मराठी ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले. सकळ लिपी, सुंदरी लिपी, अंकलिपी. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर. शतकानुशतकं लीळाचरित्रासारखा ग्रंथ मराठीत असून मराठी माणसाला वाचता येत नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती किल्ली बाहेर आली, वि. का. राजवाड्यांसारख्यांनी ती लिपी उलगडली. छळाची भीती होती, पवित्र ग्रंथ भलत्याच्या हाती पडू नये ही काळजी होती, कारणं सांगता येतात. पंथ पेशावर, काबूलपर्यंत पोचला आणि पोथ्या तिथेही त्याच गुप्त लिपीत गेल्या. घर जपण्यासाठी केलेली गोष्ट. भाषा ७५५, म्हणजे सर्वांना वाचता येईल अशी; लिपी ७००.

मी पोराला म्हटलं, थांब. फोल्डरला ७५५ केलं, म्हणजे इतरांना वाचता आणि चालवता येईल, बदलता येणार नाही. पण फोल्डर घरात, आणि घराचं दार बंद. घराला ७११ लावलं. या आकड्याची खुबी अशी की परक्या माणसाला तुमच्या घरातून चालत जाता येतं, जिथला पत्ता ठाऊक आहे तिथपर्यंत. पण घरात आणखी काय काय आहे ते बघता येत नाही.

भाऊ मागे उभे होते. “म्हंजे अंगनातून जाय, पन इकडं तिकडं पायजो नको,” ते म्हणाले. पोरगा हसला. मी हसले नाही.

चार महिने ते छान चाललं. मग एके दिवशी मी माझ्या सोयीसाठी बायोपर्लची नवी आवृत्ती घेतली. त्या आवृत्तीत काही मॉड्यूलं मूळ संचातून वेगळी काढली होती, माझं त्यांच्यावाचून अडत नव्हतं. पोराचं अडत होतं. त्याचं सादरीकरण दुसऱ्या दिवशी सकाळी होतं आणि रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. मी अमरावतीहून आत शिरून जुनी आवृत्ती परत बसवली, दोन वाजले. सकाळी आल्या आल्या त्यानं माझ्या फोल्डरची अख्खी नक्कल स्वतःच्या घरात करून घेतली. आणि ७०० लावलं.

त्याला दोष देत नाही. पण हे लोण पसरलं. कुणी माझ्याकडून नक्कल घेतली, कुणी त्याच्याकडून. एकदा सहज मोजलं तर त्या एका यंत्रावर बायोपर्ल अकरा घरांत वेगवेगळं मांडलेलं होतं आणि साहेबांच्या सामाईक जागेत एकदाही नव्हतं. अकरा देव्हारे आणि मंदिर रिकामं. दगडाच्या तुकड्याचं एक असतं: तो तुकडा गेला की मूळ ओट्याचा तेवढा अंश कमी होतो, म्हणून तो जपून द्यायचा, जपून ठेवायचा. कोडच्या नकलेनं मुळाचं काहीच कमी होत नाही. अक्षरन् अक्षर तेच, पडताळून पाहता येतं. तरी आम्ही अकरा जण ती दगडासारखी जपत होतो.

मी भाऊंना म्हटलं, सगळ्यांसाठी एक गट करू. गटाचं एक फोल्डर, मधला आकडा त्यासाठीच तर आहे. कुणाच्याच घरात नको, कुणाचीच मालकी नको, ठरवून बदल करू. गाडगेबाबांनी केलं तसं, मी म्हटलं. मंदिर बांधलं नाही, स्वतःसाठी घर बांधलं नाही. धर्मशाळा बांधल्या, पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानंही बांधली. स्वतःजवळ खापर आणि खराटा. २० डिसेंबर १९५६ ला गेले तेही रस्त्यात, आमच्या वलगावजवळ पेढी नदीच्या काठी.

भाऊंना कल्पना पटली. “पन धर्मशाळेले जागा लागते, ताई. जागा कोन देईन?”

खरंच होतं. यंत्रावर नवा गट रूटलाच बनवता येतो.

म्हणून आम्ही पुन्हा अर्ज दिला. या वेळी अकरा सह्यांचा. मी स्वतः दुसऱ्या मजल्यावर गेले, दर सोमवारी, श्रावणातही, जेव्हा गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन निघालेल्या कावडींनी शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराकडचे रस्ते भरून जातात आणि रिक्षा मिळत नाही. साहेब बदलले. नवे साहेब तरुण होते. अर्ज वाचताना त्यांनी दोनदा वर पाहिलं. गटाचं त्यांनी काही केलं नाही. पण पुढच्या मंगळवारी सगळ्यांना एक ओळीचा मेल आला: बायोपर्ल सर्व्हरवर बसवलं आहे, सर्वांनी वापरावं.

भाऊंनी तो मेल छापून टेबलावरच्या काचेखाली घातला. पोरगा तोवर पुण्याला गेला होता.

मी प्रोग्रॅम चालवला. चालला. मग लक्षात आलं की चाललं ते माझंच, घरातलं. यादीत माझं घर पहिलं. तिथे सापडलं की शोध थांबतो. साहेबांनी बसवलेलं बायोपर्ल माझ्या पर्लला दिसणारच नव्हतं, कधीच, मी ती बॅश-आरसीमधली ओळ काढेपर्यंत.

संध्याकाळी घरी आले. आईचं गाठोडं धुवायचा दिवस होता. मांजरपाट दोरीवर वाळत होतं आणि तीन दगड ताटलीत उघडे होते. शेजारची मुलगी, सहा वर्षांची, त्यांच्यासमोर उकिडवी बसलेली.

“आजी, हात लावू?”

आई माझ्याकडे पाहत होती. “लाव,” म्हणाली. “पन पयले हात धू. पापडाचं तेल हाय हाताले.”

दुसऱ्या दिवशी अकोल्याला पोचल्यावर मी ती फाइल उघडली. ओळ पुसली नाही. तिच्या आधी एक चौकटीचं चिन्ह टाकलं. ते असलं की यंत्र ती ओळ वाचतं पण मानत नाही. बाहेर पडून पुन्हा आत आले, प्रोग्रॅम चालवला. या वेळी तो दुसऱ्या जागेपासून सुरू झाला, आणि तिसऱ्या मिनिटाला अडला. घरात बांधलेलं एक मॉड्यूल सामाईक जागेत नव्हतं.

त्याचा अर्ज मी त्याच दुपारी लिहिला.